गुडघ्याखालचा टॉवेल

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणारा पैलवान आधी गुडघा दाखवत नाही, तारीख सांगतो. "मॅडम, सतरा तारखेला मैदान हाय." अजून खुर्चीत नीट टेकलेलाही नसतो. मागे उभा असलेला बाप नाहीतर वस्ताद मान डोलावतो आणि खिशातून घडी घातलेलं पोस्टर काढतो. पोस्टरवर याचा शड्डू ठोकतानाचा फोटो, समोर जोडीच्या पैलवानाचा, मध्ये इनामाचा आकडा. मी पँट वर घ्यायला सांगते. गुडघा टम्म सुजलेला, वाटीचा आकारसुद्धा हरवलेला. पाय हातात घेऊन नडगी जरा पुढे ओढून पाहिली की दोन मिनिटांत कळतं, सतरा तारीख गेली. त्याला ते पटायला आठवडा लागतो.

त्या आठवड्यात तिकडे गावात दुसरंच काही चाललेलं असतं. वर्गणी गोळा झालेली, पोस्टर चावडीवर चिकटलेलं, समोरच्या पैलवानाला शब्द दिलेला. मैदान थांबत नाही. याच्या जागी कोण, हा विषय पंच कमिटीत त्याच संध्याकाळी निघतो, आणि ज्याचं नाव पोस्टरवर कुठे तळाला बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच, अशा एखाद्या पोराच्या घरी निरोप जातो.

मला हे दोघेही जवळून ठाऊक आहेत. मी ज्या घरात वाढले तिथे एकाचा पाय खाटेवर होता आणि दुसरा त्याच खाटेच्या पायथ्याशी रडत बसला होता.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. शेतात ऊस आणि हळद, आणि मारुतीच्या देवळाला लागून तालीम. या जिल्ह्यात कुस्तीचं वेड कुणी शिकवावं लागत नाही. पुनवतच्या गणपत आंदळकरांनी १९६० साली हिंदकेसरीची गदा आणली, कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६४ साली. कुंडलचं मैदान तर आम्हाला घरच्यासारखं. यात्रेच्या आधी हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळायच्या खड्ड्यातली, माती बदलायची. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून ती मळायची. त्या दिवसांत तालमीवरून जाताना कढीसारखा आंबूस वास यायचा. आत काय चालतं ते मात्र मला वासावरूनच ओळखावं लागे, कारण बाईमाणसाने तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही. मी दुधाची किटली घेऊन जायची ती दारापर्यंत.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. २००५ च्या चैत्रातल्या यात्रेला त्याची दोन नंबरची कुस्ती लागली होती. समोर कोल्हापूरच्या तालमीतला तयारीचा पैलवान. दोन नंबर म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्याआधी दादा वीस-बाविसाव्या जोडीत लढायचा, दुपारच्या उन्हात, माणसं अजून चहाच्या गाड्यावर असताना. दोन नंबरची कुस्ती दिवस कलल्यावर लागते, मैदान गच्च भरलेलं असतं, निवेदक तुमच्या आज्यापासूनचा इतिहास सांगत असतो आणि हलगीवाला पुढे येऊन उभा राहतो. त्या एका कुस्तीवर पुढच्या वर्षीची बोलावणी ठरतात. घरातल्या वडीलधाऱ्या आबांनी दोन म्हशींचं दूध डेअरीला घालणं बंद करून तीन महिने दादाच्या खुराकाला लावलं होतं.

यात्रेला सहा दिवस राहिले होते. मी किटली घेऊन दारात उभी होते, म्हणून मला आवाज ऐकू आला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडल्यावर येतो तसा, कोरडा आणि बारीक. आत एकदम शांतता झाली. तालमीत कधीच शांतता नसते, म्हणून मी किटली खाली ठेवली.

दादाची लढत रोज एकाच पोराशी चालायची. आमच्याच आळीतला, दादापेक्षा चार वर्षांनी लहान. सगळे त्याला धाकला म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. दादाने त्याचा एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून ओढला, धाकल्याने अंग टाकलं, दादाचा पाय ओल्या मातीत रुतलेला होता तो रुतलेलाच राहिला आणि वरचं शरीर फिरलं. यात कुणाचा दोष नाही. आज मी हे खात्रीने सांगू शकते, कारण असे शेकडो गुडघे मी हाताळलेत. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणारी दोन लिगामेंट फुलीसारखी एकमेकांवरून जातात. पाय जमिनीत घट्ट आणि धड फिरलेलं, असं झालं की त्यातलं पुढचं तुटतं. त्याला समोरच्याने जोर लावावाच लागतो असंही नाही. पण २००५ मध्ये हे सांगणारं गावात कुणी नव्हतं.

पहिल्या रात्री एका हाडवैद्याकडे नेलं. त्याने पाय ओढला, पिळला, आंबेहळदीचा लेप लावून फडकं बांधलं आणि चार दिवसांत उभा करतो म्हणाला. सकाळी गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्ताद घरी आले, खाटेशेजारी बसले, काही बोलले नाहीत. चहा निवला. जाताना दारात आबांना एवढंच म्हणाले, "धाकल्याला उभा करतो."

गावात बोलणारी तोंडं असतातच. ज्याच्या अंगाखाली गुडघा मोडला त्यालाच जागा मिळाली, हे लोकांना भलतंच सोपं वाटलं. पारावर, पिठाच्या गिरणीत, नळावर एकच विषय: "मुद्दामच केलंय त्यानं." धाकला दोन दिवस तालमीत गेला नाही. तिसऱ्या रात्री आमच्या घरी आला, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "मी न्हाई लडत दादा. मला न्हाई पायजे ती कुस्ती."

मी बर्फाची पिशवी धरून बसले होते. दादाने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "झालं? आता ऐक. तो गडी उजव्या पायावर भार देतो. खडाखडीत मान खाली घालतो. धा मिन्टं झाली की तोंडानं श्वास घेतो, तवर त्याला हात लावायचा न्हाई." आणि तो बोलतच राहिला. त्या जोडीसाठी तीन महिने त्याने जे जे हेरलं होतं, दोन मैदानांत लपून बघून आलेला होता, ते सगळं त्याने त्या रात्री धाकल्याच्या पदरात टाकलं. पाय दुखला की मध्येच थांबायचा, ओठ दाबायचा, पुन्हा सुरू. कुस्तीचं एवढं बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते.

यात्रेच्या दिवशी दादाने हट्ट धरला, मला मैदानात न्या. मोटारसायकलवर मागे बसवून, पाय फळीला बांधून नेलं. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून तो सगळ्यांना दिसेल असा बसला. मी बायकांच्या बाजूला, देवळाच्या गच्चीवर. निवेदकाने पुकारा केला, धाकला लांग लावून आला, वाकून आधी दादाच्या पाया पडला. दादाने वाकून माती उचलली, त्याच्या कपाळाला लावली, मग दोन्ही मांड्यांना लावली आणि पाठीवर थाप मारली. त्यानंतर गावात कुणी "मुद्दाम" हा शब्द काढला नाही.

अकराव्या मिनिटाला धाकल्याने घिस्सा डाव मारला. समोरच्याचं पाठ टेकणं मला दिसलं नाही, कारण मी दादाकडे बघत होते. त्याने दोन्ही हात वर केले होते आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते आनंदाचं होतं का, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही.

धाकल्याचं पुढचं थोडक्यात सांगते. पुढच्या वर्षी त्याला अकरा मैदानांची बोलावणी आली, मग जिल्ह्याच्या संघात निवड झाली, मग खेळाडूंच्या जागेतून पोलीस भरती. आज त्याचं घर आहे, दोन मुलं आहेत. दर यात्रेला गावात आला की पहिला नमस्कार दादाला. ही सगळी वाट सहा दिवसांच्या त्या फटीतून निघाली. दादाचा गुडघा त्या दिवशी फिरला नसता तर धाकला आणखी चार वर्षं वीस नंबरच्या जोडीत लढला असता, आणि भरतीचं वय निघून गेलं असतं. हे तो स्वतः म्हणतो.

माझा भाचा टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचा, डब्ल्यूडब्ल्यूईचा, भक्त आहे. घरातले मोठे त्याला रागवतात, ती खोटी कुस्ती काय बघतोस म्हणून. निकाल आधी ठरलेला असतो हे खरंच आहे. पण वीस फुटांवरून अंग टाकणाऱ्याचे मणके काही ठरवून शाबूत राहत नाहीत. तिथे तुटलेलं हाड खरंच तुटतं, आणि मग ठरलेली गोष्ट एका दिवसात बदलावी लागते. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथे मुस्तफा अली नावाचा मल्ल दुखापतीमुळे मोठ्या लढतीतून बाहेर पडला. त्याच्या जागी कोफी किंग्स्टनला उभं केलं. घानामध्ये जन्मलेला, अकरा वर्षं त्या कंपनीत राबलेला, जोडीच्या लढतींत सगळ्यांचा लाडका, पण मुख्य किताबासाठी कुणी विचार न केलेला. १२ फेब्रुवारीला तो एकामागून एक लढतींत तासाभराहून अधिक रिंगणात उभा राहिला. लोकांनी त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली ते थांबलेच नाहीत, आणि ७ एप्रिलला रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात, तो डॅनियल ब्रायनला हरवून विजेता झाला. तो ब्रायन स्वतः डोक्याच्या दुखापतींमुळे २०१६ मध्ये निवृत्ती जाहीर करून दोन वर्षांनी परत आलेला.

त्याच रात्री त्याच ठिकाणी बेकी लिंचही जिंकली. तिची गोष्ट मला जास्त आतपर्यंत जाते. पाच महिन्यांपूर्वी, १२ नोव्हेंबर २०१८ ला, लढताना बसलेल्या ठोशाने तिचं नाक मोडलं होतं. रक्ताने माखलेलं तोंड घेऊन ती प्रेक्षकांत हात पसरून उभी राहिली, आणि त्या एका फोटोने ती कुठल्या कुठे गेली. पण ठरलेली रोंडा राऊझीबरोबरची लढत तिला सोडावी लागली. आपल्या जागी शार्लट फ्लेअरचं नाव तिने स्वतः घेतलं आणि तिला मिठी मारली. तोही खेळातलाच भाग होता, लिहून दिलेला. तरी भाच्याच्या मोबाइलवर ते बघताना मला मैदानाच्या कडेची खुर्ची आठवली आणि कपाळाला लागलेली माती आठवली. कुणाला तरी वाटलं होतं की जागा सोडताना हे करायचं असतं. जगाच्या त्या टोकालाही वाटलं होतं.

प्रत्येकाला मात्र जागा अशी देता येत नाही, आणि प्रत्येकाला ती मागूनही मिळत नाही. विनेश फोगाट आणि अंतिम पंघाल या दोन महिला पैलवानांचं मी २०२३ पासून रोज वाचत होते. विनेशला हांगझोऊच्या एशियाडसाठी ५३ किलोत चाचणीशिवाय प्रवेश दिला होता. चाचणी जिंकलेली अंतिम राखीव म्हणून बसली, न्यायालयापर्यंत गेली, तिथेही काही झालं नाही. मग १३ ऑगस्टला सरावात विनेशचा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि अंतिमला वाट मोकळी झाली. सप्टेंबरात तिने जागतिक स्पर्धेत ब्राँझ आणि ५३ किलोतली पॅरिसची जागा मिळवली, पुढे एशियाडमध्येही ब्राँझ. गुडघा बरा करून विनेश परतली तेव्हा तिचा वजनगट भरलेला होता. ती ५० किलोत उतरली. पुढचं सगळ्या देशाला पाठ आहे: जपानच्या ऑलिम्पिक विजेत्या युई सुसाकीला हरवणं, अंतिम फेरी, आणि ७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ, शंभर ग्रॅम वजन जास्त म्हणून बाद. तिच्या जागी क्युबाची युस्नेलिस गुझमान अंतिम कुस्ती खेळली, जी उपांत्य फेरीत विनेशकडूनच हरली होती.

त्या दिवशी माझ्या दवाखान्यात बसलेले सगळे पेशंट टीव्हीकडे बघत होते. कुणी शंभर ग्रॅमबद्दल बोलत होतं, कुणी वजन उतरवायला केस कापण्याबद्दल. माझ्या डोळ्यांपुढे वर्षभरापूर्वीचा तो गुडघा होता. एका गुडघ्यातून दोन मुलींच्या नशिबाचे फाटे फुटले, आणि तिसरीचा हवानाकडे गेला. यात अंतिमने काही हिसकावलं असं मला एक क्षणही वाटलं नाही; ती चाचणी जिंकलेलीच होती. विनेशचं दुःख त्याने कमी होत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी खऱ्या असतात, हे मला आमच्या घरातल्या खाटेने शिकवलंय.

दोन दिवसांनी अमन सेहरावतने ५७ किलोत ब्राँझ जिंकलं. तो दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यातला, रवी दहियाचा पाठचा. टोकियोत रौप्य मिळवणाऱ्या रवीचा गट तोच. २०२३ मध्ये रवीच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, आणि त्या वर्षीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण अमनने आणलं. पण नुसत्या रिकाम्या जागेवर तो पॅरिसला गेला नाही. २०२४ च्या चाचणीत रवी परत उभा होता आणि अमनला त्याला हरवावं लागलं. एका आखाड्यात, एका मातीत वाढलेले दोघे.

५७ किलो हा आकडा ऐकला की सातारा-सांगलीच्या माणसाला एकच नाव आठवतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला याच वजनात ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना मेलबर्नला पुन्हा जायचं होतं, सोनं आणायचं होतं. गुडघ्याने साथ दिली नाही. त्या काळी दुर्बिणीतून गुडघ्यात शिरून लिगामेंट बांधणारं कुणी नव्हतं, गुडघा गेला म्हणजे कुस्ती गेली. पोलीस खात्यात त्यांनी पुढची नोकरी केली. माझ्या टेबलावर एखादा तरुण गुडघा असतो तेव्हा मला कितीदा वाटतं, हा टॉवेल, ही मोजपट्टी आणि नऊ महिने १९५५ मध्ये कुणी गोळेश्वरला नेऊन पोचवू शकलं असतं तर.

टॉवेलचं सांगायचं राहिलंच. दादाचं ऑपरेशन मिरजेत झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून तिचं लिगामेंट करून आत बसवलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक बाई आल्या, निळा कोट घातलेल्या. मला वाटलं डॉक्टर, पण त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी टॉवेलची घट्ट वळकटी करून दादाच्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, "हा टॉवेल खाली दाब. दाबून धर, मी दहा मोजते." शंभर किलोचा जोर मारणारा माझा भाऊ घामाघूम झाला, पण मांडीत साधी थरथरसुद्धा येईना. स्नायू जणू विसरूनच गेला होता. दादाच्या तोंडावरची ती भीती मी पहिल्यांदा बघितली. गुडघा मोडला तेव्हाही ती नव्हती. बाईंनी त्याचा हात घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तू नको जोर लावू. फक्त त्याला आठवण कर."

घरी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. बारावीची परीक्षा संपलेली, दुपार रिकामी. दिवसातून सहा वेळा टॉवेल, प्रत्येक वेळी वीसदा, मी दहापर्यंत मोजायची. दर रविवारी आईची शिलाईची टेप घेऊन वाटीच्या चार बोटं वर मांडीचा घेर मोजायची आणि कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायची. चांगली मांडी साडेचोवीस इंच, दुसरी बावीस. पुढच्या रविवारी बावीसच. त्याच्या पुढच्या रविवारी पावणेबावीस, आणि त्या दिवशी दादा जेवला नाही. सातव्या रविवारी सव्वाबावीस झाली तेव्हा मी ओरडत परड्यात पळाले होते.

मोजताना मध्ये जो वेळ जायचा त्यात तो बोलायचा. कुस्ती सोडून बोलणार काय? ढाक कशी लावायची, समोरच्याची मान कुठे वळते तिथेच त्याचं कंबरडं जातं, कलाजंग मारताना खांदा कुठे घालायचा. सुरुवातीला त्याला सांगताच यायचं नाही. "असं धरायचं आन असं…" म्हणून हात हलवायचा. मी म्हणायची, "असं म्हंजे कसं? मला तालीम कुठं दिसलीय?" मग तो शोधून शोधून शब्द आणायचा. उशी घेऊन दाखवायचा. माझ्या मनगटावर बोट ठेवून सांगायचा, इथं दाबलं की पंजा सुटतो. नऊ महिने असे गेले. त्याला डाव सांगता यायला लागले आणि मला शरीर दिसायला लागलं. मी डीएडचा फॉर्म भरणार होते. त्याऐवजी त्या निळ्या कोटातल्या बाईंना विचारून आले की हे शिकायला काय करावं लागतं.

माझी नोकरी, माझा दवाखाना, माझं सांगलीतलं घर त्या गुडघ्यातून आलं. हे लिहिताना हात जड होतो. माझी रोजीरोटी मोडलेल्या गुडघ्यांवर चालते, आणि त्यातला पहिला माझ्या भावाचा होता. मी एकदा हे त्याच्याजवळ बोलले. तो म्हणाला, "मग काय वाया गेला आसता तो चांगला हुता का?"

दादा परत लढला. दोन हंगाम. पण पूर्वीचा पट निघायचा नाही. पाय पुढे टाकताना मन आधी मागे यायचं. त्याने लांग खुंटीला अडकवली ती कुणाला न सांगता. शेती, ट्रॅक्टर, दूध, अशी सात-आठ वर्षं गेली. २०१४ मध्ये धाकल्याची पुतणी हट्टाला पेटली, मला कुस्ती शिकायची. गावातल्या तालमीचा उंबरा तिलाही बंदच होता. धाकल्याने तिला धरून दादाकडे आणलं. दादाने हळदीच्या शेडमधली पोती एका बाजूला सारली, जुनी मॅट आणून टाकली. एक मुलगी होती, वर्षात सहा झाल्या, आज एकोणीस आहेत.

चांगले चांगले पैलवान शिकवताना अडतात, कारण त्यांना फक्त करता येतं. दादाला करता येत नव्हतं, म्हणून सांगता यायला लागलं होतं. गुडघा टेकवता येत नसल्याने तो काठीच्या टोकाने मॅटवर पावलाची जागा दाखवतो आणि पोरीला स्वतःला शोधू देतो. आणि आयांना तो चालला. लंगडत चालणारा, डोळे खाली असलेला, घरात बहिणीच्या हाताखाली नऊ महिने काढलेला माणूस. असा वस्ताद त्यांनी आपल्या पोरींसाठी पसंत केला.

२०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली. आपल्या सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. दादा त्याच्या पोरींना घेऊन आला होता. मीही होते, पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगळ्या बाजू नसलेल्या गर्दीत, त्याच्या शेजारी. प्रतीक्षाने गदा खांद्यावर घेतली तेव्हा मी पुन्हा मैदानाऐवजी त्याच्याकडेच बघितलं. या वेळी तो एकेका पोरीचा चेहरा बघत होता.

गेल्या महिन्यात तो त्यातल्या एकीला माझ्याकडे घेऊन आला. सोळा वर्षांची, राज्य स्पर्धेला तीन आठवडे राहिलेले. "ताई, वीस तारखेला स्पर्धा हाय," ती बसायच्या आधी म्हणाली. मी गुडघा हातात घेतला. दादाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

दाराशी आणखी एक मुलगी उभी होती, हिच्याच वजनाची, खांद्यावर दोघींच्या बॅगा. आत यायला तयार नव्हती. हिचा हात तिनेच धरला होता म्हणे, लढतीत. भिंतीला टेकून नुसती नखं कुरतडत होती.

मी कपाटातून टॉवेल काढला, वळकटी केली. दादा म्हणाला, "थांब." दाराकडे वळून त्या मुलीला त्याने आत बोलावलं, हिच्या शेजारी खुर्चीवर बसवलं आणि टॉवेल माझ्या हातातून घेऊन तिच्या हातात दिला.

"तू ठेव तिच्या गुडघ्याखाली. आणि दहा मोज. मोजता मोजता ती तुला सांगंल, वीस तारखेची ती नागपूरची पोरगी कुठल्या पायावर भार देती."

पोरगी वाकली. टॉवेल नीट बसेना, दोनदा काढून पुन्हा ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "दाब. एक… दोन…"